एक कप बटर म्हणजे नक्की किती?

आज वही-पेन घेऊन बसा, कारण आज आकडे आहेत. आकडे म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हे आकडे आपल्या खिशाशी जोडलेले आहेत, म्हणून थोडा वेळ सोबत राहा.

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात आपल्या बऱ्याच बचत गटांनी पापड-लोणच्याच्या जोडीला केक, बिस्किटं, नानकटाई करायला घेतली आहे. त्याला गिऱ्हाईकही आहे. एमआयडीसीत तीन पाळ्यांत कामगार येतात-जातात, वसाहतींमध्ये दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो, दिवाळीत नानकटाईची मागणी असते. कृती आपण मोबाईलवर बघून शिकतो. आणि तिथेच अडतं. एक ताई सांगते, ‘एक कप बटर घ्या.’ दुसरी सांगते, ‘दोन स्टिक.’ तिसरी सांगते, ‘चार औंस.’ आपल्या हातात असते ती स्टीलची वाटी आणि दुकानातली शंभर ग्रॅमची बटरची वडी. आता एक कप म्हणजे किती वड्या?

त्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. ती आपल्या घरातलीच आहे.

आपल्याकडे भात मोजायला पायली, शेर, मापटं ही मापं होती. काही घरांत अजूनही कोपऱ्यात मापटं असतं. मापटंभर भात घ्या आणि तेच मापटं भरून तांदूळ घ्या. मापटं एकच, भरलंय दोन्ही वेळा काठोकाठ. पण काट्यावर ठेवलंत तर तांदूळ जड भरतील, भात हलका. कारण मापटं जागा मोजतं, वजन मोजत नाही. कपाचंही तसंच आहे. कप हे परदेशातलं मापटं आहे. एक कप मैदा साधारण १२५ ग्रॅम भरतो, एक कप साखर २०० ग्रॅम आणि एक कप बटर २२७ ग्रॅम. म्हणून ‘कप म्हणजे इतके ग्रॅम’ असं एकच उत्तर कधीच नसतं. कशाचा कप, हे आधी विचारायचं.

दुसरी गोष्ट, मापाचं नाव तेच राहतं आणि माप बदलतं. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पावशेर झाला सुमारे २३३ ग्रॅम. पुढे १९५६ साली मेट्रिक वजन-मापांचा कायदा झाला आणि हळूहळू किलो-ग्रॅम आले. पण तोंडातला पावशेर काही गेला नाही. आज बाजारात पावशेर मागितलं की दुकानदार पाव किलो, म्हणजे २५० ग्रॅम देतो. आजीच्या काळचा पावशेर आणि आजचा पावशेर यांत १७ ग्रॅमचा फरक आहे. शब्द तोच, माल वेगळा. ग्रॅम मात्र कुठेही गेलात तरी ग्रॅमच. पालघरला तेवढाच, अमेरिकेत तेवढाच.

आता कपाकडे येऊ. कृतीतला कप म्हणजे आपला चहाचा कप नव्हे. अमेरिकेतला मापाचा कप सुमारे २३७ मिलीचा असतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत तो २५० मिलीचा धरतात. आपल्याकडे बाजारात प्लॅस्टिकचे मापाचे कप मिळतात, त्यांवर बहुधा २४० किंवा २५० मिली लिहिलेलं असतं. आणि आपला चहाचा कप? कुणाचा १०० मिलीचा, कुणाचा दीडशेचा. म्हणजे निम्म्याचा फरक.

‘स्टिक’ हा शब्द ऐकलात की समजा, कृती अमेरिकेतली आहे. तिथे बटर लांबट कांडीच्या आकारात मिळतं. चार कांड्या मिळून एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम. त्यामुळे एक कांडी ११३ ग्रॅमची. त्यांच्या दोन कांड्या म्हणजे एक कप.

आता लिहून घ्या. हे अमेरिकी मापाचे आकडे आहेत.

एक कप बटर म्हणजे २२७ ग्रॅम.
पाऊण कप म्हणजे १७० ग्रॅम.
दोन तृतीयांश कप, म्हणजे कपाच्या तीन भागांतले दोन, १५१ ग्रॅम.
अर्धा कप किंवा एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम.
एक तृतीयांश कप म्हणजे ७६ ग्रॅम.
पाव कप म्हणजे ५७ ग्रॅम.
एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलीचा, १४ ग्रॅम.
एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलीचा, ५ ग्रॅमला जरासा कमी.
एक औंस म्हणजे २८ ग्रॅम.

कृतीत २५० मिलीचा कप सांगितला असेल, तर एक कप बटर सुमारे २४० ग्रॅम धरा. आणि कृतीत ग्रॅम दिलेलेच असतील, तर कपाच्या भानगडीत पडूच नका. सरळ ग्रॅम घ्या.

एवढे आकडे पाठ होणार नाहीत, म्हणून सोपी युक्ती सांगतो. शंभर ग्रॅमच्या वडीचे सुरीने सात सारखे तुकडे करा. एक तुकडा म्हणजे जवळपास एक मोठा चमचा, १४ ग्रॅम. आता अर्धा कप हवाय? एक वडी आणि एक तुकडा. एक कप हवाय? दोन वड्या आणि दोन तुकडे. पाव कप हवाय? चार तुकडे. पाचशे ग्रॅमची मोठी लादी आणलीत, तर तिचे दहा सारखे भाग करा, प्रत्येक भाग ५० ग्रॅमचा. बटर फ्रीजमधून काढल्या काढल्या कापलंत तर तुकडे सुबक पडतात.

वजनकाटा नाही आणि बटरही सुटं आहे, तर काय करायचं? मग पाण्याची मदत घ्यायची. मिलीच्या रेघा असलेलं भांडं घ्या. त्यात २०० मिली गार पाणी भरा. आता त्यात बटरचे तुकडे टाकत जा. पाणी ३०० च्या रेघेला आलं की १०० मिली बटर झालं. १०० मिली बटर वजनाने सुमारे ९५ ग्रॅम असतं. एक काळजी घ्यायची. बटर पाण्यावर तरंगतं, ते चमच्याने पाण्याखाली पूर्ण दाबून मगच रेघ बघायची. मग पाणी ओतून द्यायचं आणि तुकडे स्वच्छ फडक्याने टिपून घ्यायचे. पाणी गारच हवं, नाहीतर बटर पातळ होऊन भांड्याला चिकटेल.

आता महत्त्वाचा भाग. बटरच्या जागी तूप घातलं तर चालेल का? आणि घरचं लोणी घातलं तर?

आपण बोलताना बटर आणि लोणी एकच समजतो. मोजताना तसं चालत नाही. दुकानातल्या बटरला सरकारी नियम आहे. त्यात स्निग्धांश ८० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये आणि पाणी १६ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. मीठ असेल तर तेही ३ टक्क्यांच्या आत. म्हणजे शंभर ग्रॅम बटर घेतलं, तर ८० ग्रॅम निव्वळ स्निग्ध पदार्थ आणि जवळपास एक मोठा चमचा पाणी आपण घेतो. तुपात मात्र पाणी नावालाच असतं. तूप म्हणजे जवळजवळ शंभर टक्के स्निग्धांश.

म्हणून हिशोब असा. कृतीत १०० ग्रॅम बटर असेल आणि आपल्याला तूप वापरायचं असेल, तर ८० ग्रॅम तूप घ्या आणि वरून एक मोठा चमचा दूध किंवा पाणी घाला. एक कप बटरच्या जागी सुमारे १८० ग्रॅम तूप आणि अडीच मोठे चमचे दूध. हे दूध वगळू नका. केक भट्टीत असताना त्या पाण्याची वाफ होते, ती केक फुगायला मदत करते आणि केक कोरडा पडत नाही. कृतीत बटर आणि साखर फेटायला सांगितलं असेल, तर तूप पातळ करून घालू नका. थिजलेलं, रवाळ तूप घेऊन फेटा. पातळ तुपात हवा धरून राहत नाही.

उलटा हिशोबही लिहून ठेवा. कृतीत १०० ग्रॅम तूप असेल आणि बटर वापरायचं असेल, तर १२५ ग्रॅम बटर लागेल. पण त्यासोबत २० मिली पाणी आपोआप येईल, म्हणून कृतीतलं दूध किंवा पाणी तेवढं कमी करायचं.

इथे नानकटाईचं उदाहरण बघा. पूर्वी दिवाळीच्या आधी घरोघरीचे लोक मैदा, साखर, तूप डब्यात भरून बेकरीत नेऊन देत आणि नानकटाई भाजून आणत. नानकटाईचं सोपं प्रमाण म्हणजे दोन भाग मैदा, एक भाग साखर, एक भाग तूप, आणि हे सगळं वजनाने. अर्धा किलो मैद्याला पाव किलो पिठीसाखर, पाव किलो तूप. आता कुणी तुपाऐवजी बटर घ्यायचं ठरवलं, तर पाव किलो तुपाच्या बदल्यात साधारण ३१२ ग्रॅम बटर लागेल. त्यात ५० मिली पाणी आलं. नानकटाईच्या कृतीत दूध-पाणी नसतंच, मग कमी कुठून करणार? ते पाणी मैद्याला लागतं आणि मैदा चिवट होतो. नानकटाई तोंडात विरघळण्याऐवजी दाताखाली येते. म्हणून नानकटाईला तूपच बरं.

केकमध्ये फळ घालत असाल, तर हा पाण्याचा हिशोब जास्तच सांभाळा. आपल्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या चिकूचा केक आता आवडीने खाल्ला जातो. चिकूच्या गरात मुळातच पाणी आहे. तिथे बटरऐवजी तूप घेतलंत, तर वरून दूध घालण्याआधी घोल चमच्यातून पडतो कसा ते बघा. जाडसर पडत असेल तरच दूध घाला.

मिठाचंही लक्षात ठेवा. आपल्याकडे सहज मिळणारं पिवळं बटर बहुधा खारं असतं. परदेशी कृतीत बहुतेक वेळा बिनमिठाचं बटर धरलेलं असतं आणि वर चिमूट-पाव चमचा मीठ सांगितलेलं असतं. खारं बटर वापरत असाल तर ते वरचं मीठ घालू नका.

आता घरचं लोणी. आपल्या घरी म्हशीच्या दुधाची साय विरजून काढलेलं लोणी उत्तमच, पण त्यात पाणी किती हे कुणी सांगू शकत नाही. एकीने चांगलं धुऊन, दाबून पाणी काढलेलं असतं, दुसरीचं सैल असतं. मग मोजायचं कसं? शंभर ग्रॅम लोणी कढवून बघा. तूप गाळून वजन करा. ७० ग्रॅम तूप निघालं, असं समजू. दुकानातल्या १०० ग्रॅम बटरमध्ये ८० ग्रॅम स्निग्धांश असतो, तेवढा मिळवायला आपलं लोणी ११५ ग्रॅमच्या आसपास घ्यावं लागेल. बेरीला थोडं तूप चिकटून राहतं, म्हणून हा अंदाज आहे, पण कामाला पुरेसा. आणि विक्रीचा माल करायचा असेल, तर सरळ लोणी कढवून तूपच वापरा. दर वेळी सारखा माल होईल.

तूप मोजतानाही एक गंमत आहे. तूप लिटरने विकत मिळतं आणि कृतीत ग्रॅमने लिहिलेलं असतं. एक लिटर तूप म्हणजे एक किलो नव्हे. ते सुमारे ९०० ते ९१० ग्रॅम भरतं. पिशवीवर बारीक अक्षरांत वजनही छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. अर्धा लिटरची पिशवी अर्धा किलो समजून ओतलीत, तर पन्नास-एक ग्रॅम तूप कमी पडतं.

आपल्या किनाऱ्याच्या हवेबद्दलही बोलायला हवं. कृतीत ‘खोलीच्या तापमानाचं बटर’ असं सांगतात. ती खोली थंड देशातली, अठरा-वीस अंशांची. आपल्याकडे वैशाखात स्वयंपाकघरात बटर ठेवलं, की थोड्या वेळात तेलासारखं पातळ. वितळलं म्हणून वजन बदलत नाही, शंभर ग्रॅम ते शंभर ग्रॅमच. पण पातळ बटर वाटीत सपाट बसतं आणि घट्ट बटरच्या गोळ्यांमध्ये पोकळ्या राहतात, म्हणून वाटीने मोजलं की दोन्ही वेळा वेगळं भरतं. तेव्हा आधी घट्ट असतानाच वजन करायचं, मग मऊ होऊ द्यायचं. बोट दाबल्यावर खळगा पडला, पण बोट आत बुडालं नाही, म्हणजे फेटायला तयार.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर पैशात देऊ. समजा, एका गटात दोघी एकाच कृतीने केक करतात. कृतीत एक कप बटर आहे. पहिली चहाचा दीडशे मिलीचा कप भरते, तिचं बटर पडतं सुमारे १४२ ग्रॅम. दुसरी तीनशे मिलीचा स्टीलचा पेला भरते, तिचं पडतं सुमारे २८५ ग्रॅम. बटर शंभर ग्रॅमला साठ रुपये धरलं, तर एका घाण्यामागे ८५ रुपयांचा फरक. महिन्याला वीस घाणे केले, तर सतराशे रुपये. आणि नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पहिलीचा केक कोरडा, भुगा होणारा. दुसरीचा तेलकट, मधे बसलेला. दोन्हींवर नाव एकाच गटाचं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मागच्या वेळी चांगला होता, या वेळी काय झालं?’ आणि पुढची ऑर्डर दुसरीकडे जाते. गटातही मग रुसवे-फुगवे सुरू होतात, हिच्या हाताला चव आहे, तिच्या हाताला नाही. खरं तर दोष कुणाच्याच हाताचा नसतो. दोघींच्या हातात वेगवेगळं माप असतं.

म्हणून पुढच्या बैठकीत हे करून बघा. प्रत्येकीने घरून आपली रोजची वाटी, पेला आणि चमचा आणायचा. गटाचा डिजिटल काटा मधे ठेवायचा. काटा नसेल तर स्वयंपाकाचा साधा काटा गटाच्या पैशातून घ्यायला हरकत नाही, तो बटरच्या वाया जाणाऱ्या पैशातून सुटतो. आधी काटा बरोबर आहे का ते बघा. अर्धा किलो मिठाची न उघडलेली पिशवी ठेवा. पाचशेच्या जरा वर आकडा दिसला तर ठीक, तो वरचा भार पिशवीचा. मग रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि वाटी पाण्याने काठोकाठ भरा. जितके ग्रॅम पाणी, तितकी मिली वाटी. दीडशे ग्रॅम पाणी मावलं, तर वाटी दीडशे मिलीची. मग अर्धा कप, म्हणजे १२० मिली पाणी त्यात कुठवर येतं, तिथे नेलपॉलिशने बाहेरून रेघ मारा. गटात ज्या मावशींना, आजींना आकडे वाचता येत नाहीत, त्यांनाही रेघ वाचता येते.

त्यानंतर गटाची एकच कृतीची वही करा. त्यात कप, वाटी, मूठ असं काहीच नको, फक्त ग्रॅम आणि मिली. बाजूला त्या दिवशीचा बटरचा भाव लिहा. म्हणजे एक किलो केकला खर्च किती आला आणि विकायचा कितीला, हे भांडण न होता ठरेल.

विक्रीबद्दल एक सूचना. स्वयंपाकाचा काटा कृतीसाठी ठीक आहे. पण माल वजनावर विकताना वैधमापन विभागाचा शिक्का असलेला, वेळेवर तपासून घेतलेला काटाच वापरावा लागतो. आणि बंद पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं. तिथे डबा, कागद यांचं वजन धरायचं नाही. दोनशे ग्रॅम लिहिलं, तर आत दोनशे ग्रॅम नानकटाई हवी.

वही मिटायच्या आधी एकदा उजळणी करू. एक कप बटर, २२७ ग्रॅम, म्हणजे दोन वड्या आणि दोन तुकडे. बटरऐवजी तूप, तर शंभरला ऐंशी आणि एक मोठा चमचा दूध. तुपाऐवजी बटर, तर शंभरला सव्वाशे आणि वीस मिली पाणी कमी. लिटर म्हणजे किलो नव्हे. आणि घट्ट असतानाच वजन.

हे चार-पाच आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ओट्याच्या वर चिकटवा. पुढच्या ऑर्डरचा केक कुणीही केला, तरी तो आपल्या गटाचाच वाटला पाहिजे.